कवठदऱ्याच्या बांधावरचा दुभाषी

अंजली, तुझं पत्र पौषाच्या सुरुवातीला पोचलं. तिथल्या अमेरिकन शाळेत, भर वर्गात तुला उभं करून बाईंनी विचारलं, "तुमचा देश कोणाच्या बाजूचा? आमच्या की रशियाच्या?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. मे महिन्यात याच विषयावर तुला दहा मिनिटं बोलायचं आहे, म्हणून तू मला विचारलंस. खाली तुझ्या भावानं, शेखरनं, पेन्सिलीनं लिहिलंय, "आजी, सोपं लिही. ती पाठ करणार आहे."

मी नगरच्या शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. अलिप्ततेचं धोरण फळ्यावर पाच मुद्द्यांत लिहून द्यायचे. तसेच पाच मुद्दे तुझ्यासाठी लिहून काढले, वाचले, आणि मलाच जांभई आली. ते कागद फाडले त्याच दिवशी शिवरामचं पत्र आलं.

शिवराम माझा विद्यार्थी. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि तरी कधी रागावला नाही. आता तो पारनेर तालुक्यात कवठदरा नावाच्या छोट्या गावाचा सरपंच आहे. पत्रात एवढंच होतं: "बाई, अमावास्येला गावात परदेशी पाहुणे यायचे हायेत. इंग्रजी बोलायला कोनी न्हाई. तुमी आलात तर गावाची अब्रू ऱ्हाईल. पिण्याच्या पान्याचा प्रश्न हाय."

यंदाच्या दुष्काळाबद्दल तुमच्या आईनं सांगितलंच असेल. मी पिशवी भरली: दोन लुगडी, पाण्याची बाटली, औषधं, वही, आणि शब्दकोश, जाडजूड नव्हे, साधा खिशातला. सत्तावीस वर्षांत ज्याच्यावाचून माझं अडलं नाही, तो यावेळी बरोबर असूनही अडलं. ते पुढे सांगते.

पुणे ते सुपे

एसटीत माझ्या शेजारी रणगाड्यावरचे एक हवालदार बसले होते. रजा संपवून नगरच्या छावणीत परत चालले होते. मिशा दोन्ही बाजूंना अगदी सारख्या. मला असली टापटीप आवडते, म्हणून मीच बोलायला सुरुवात केली. तुझा प्रश्न त्यांना विचारला.

ते हसले. "आता बघा आजी. माझा रणगाडा रशियाचा. आतल्या डब्यातली भाकरी अमेरिकेच्या मिलोची. आणि तो चालू झाला नाही की घालायच्या शिव्या आपल्या. कोणाच्या बाजूचा मी?"

मिलो म्हणजे तांबडी ज्वारी. तुमच्याकडे ती गुरं खातात असं ऐकते. यंदा ती बोटीनं इकडे येते आणि रेशनच्या दुकानातून आम्ही घेतो. गेल्याच्या गेल्या वर्षी बांगलादेशाचं युद्ध चालू असताना त्याच अमेरिकेचं आरमार आपल्याला धाक दाखवायला बंगालच्या उपसागरात आलं होतं. हवालदारांना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या आणि एकीमुळे दुसरी नासली असं त्यांना वाटत नव्हतं. सुप्याला मी उतरले तेव्हा माझी पिशवी त्यांनी खाली दिली आणि म्हणाले, "नातीला सांगा, पोटाचं वेगळं, पाठीचं वेगळं." मी ते वहीत टिपलं. अर्थ लागायला दोन दिवस गेले.

सुप्यापासून शिवरामच्या मेव्हण्याच्या बैलगाडीनं निघालो. दोन्ही बाजूंना राखाडी माळ. नांगरट झालेली, पेर न झालेली रानं. वाटेत दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. एका बाईनं हातोडा थांबवून विचारलं, "कुठलं पाव्हणं?" "पुण्याचं." "पानी आनलंय का?" सगळ्याजणी हसल्या. मी बाटली पुढे केली. तिनं एक घोट घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुण्याचं पानी गोड लागतंय हो, तुमच्या बोलन्यावानी."

कवठदरा

शिवरामचं घर दोन खणांचं, शेणानं सारवलेलं, जिथल्या तिथे. त्याची बायको कौसल्या हिनं पितळेच्या तांब्यात अर्धाच तांब्या पाणी आणलं आणि म्हणाली, "पाय उद्या धुवा बाई. आज चूळ भरा." मला तिचा हिशेबीपणा पटला.

जेवायला हुलग्याची शेंगोळी, लसणाचा ठेचा आणि मिलोची भाकरी. भाकरी विटकरी रंगाची होती आणि थापताना कडा फाटत होत्या. "हिला वळनच न्हाई," कौसल्या म्हणाली. "बाजरी कशी हाताचं ऐकती. ही परक्याची." तरी तिनं चार भाकऱ्या गोल उतरवल्याच.

जेवण झाल्यावर शिवरामनं खरी गोष्ट सांगितली, मान खाली घालून. शाळेत गृहपाठ विसरला की तो अशीच मान घालायचा.

गावाची एकच विहीर, ती आटलेली. एका परदेशी धर्मादाय मंडळानं बोअर घेण्याचं यंत्र पाठवलं होतं. त्यावरचा इंजिनिअर पश्चिम जर्मनीचा. अट एकच: पंप गावातल्या प्रत्येकासाठी, कुठल्याही जातीच्या माणसाला मोकळा. शिवरामनं ती आनंदानं मानली. पहिली बोअर गावानं दाखवलेल्या जागी घेतली आणि ती कोरडी गेली. आता इंजिनिअर साहेब अमावास्येला स्वतः येणार, दुसरी बोअर घ्यायची की यंत्र पुढच्या गावाला न्यायचं ते ठरवणार. पुढच्या गावाला गेलं तर पावसाळ्यापर्यंत परत येणार नाही.

"मग हे पाहुणे कोण? पत्रात तू 'पाहुणे' म्हणालास."

"तेच तर, बाई. तालुक्यावरनं निरोप आला, सहकारी कारखाने बघायला पूर्व जर्मनीचं शिष्टमंडळ आलंय. त्यातल्या एक डॉक्टरीनबाई जमिनीतल्या पान्याच्या जानकार हायेत, त्यांना दुष्काळी गाव बघायचंय. कवा पाठवू? मी म्हनलं, अमावास्येला."

"आणि इंजिनिअरला?"

"त्यांनीबी इचारलं, कवा येऊ? म्हनलं, अमावास्येला."

"अरे, पण का?"

तो खरोखरच चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. "अमावास्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत, बाई. समदं गाव घरी असतं. पाव्हण्याला दुसऱ्या दिवशी कसं बोलवायचं? कोन भेटनार?"

मुलांनो, यात त्याची काय चूक? पण जर्मनी हा देश महायुद्धानंतर दोन तुकड्यांत वाटला गेला, हे तुम्ही भूगोलात शिकलाच असाल. पूर्वेचा विचार वेगळा, कारखाने आणि जमिनी सगळ्यांच्या मालकीच्या असाव्यात हा. पश्चिमेचा वेगळा. आणि विचार वेगळा झाला की शेजाऱ्यांशी वागण्याचे नियमही वेगळे होतात. पश्चिमेनं कित्येक वर्षं नियम पाळला की जो पूर्वेला देश म्हणेल त्याच्याशी आपलं बोलणं बंद. आपल्या सरकारनं पूर्व जर्मनीला मान्यता दिली ती गेल्या ऑक्टोबरातच. तोवर वरचे नियम ढिले होऊ लागले होते. माणसांच्या मानेतला ताठा मात्र कागदाबरोबर उतरत नाही.

हे मी शिवरामला समजावलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजी भाऊबंद हायेत."

"हो. भाऊबंदच."

"मंग लई अवघड हाय," तो म्हणाला, आणि त्याला सगळं कळलं हे मला कळलं.

अमावास्या, सकाळ

दोन जीपगाड्या पंधरा मिनिटांच्या अंतरानं आल्या. पहिल्यातून इंजिनिअर डीटर उतरला. चाळिशीचा, उन्हानं नाक सोललेला, बुटांवर दोन जिल्ह्यांची धूळ. दुसरीतून डॉक्टर हेल्गा. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्याला सुती रुमाल. त्यांना आणणारे तालुक्याचे अधिकारी खडीचं काम बघायला लगेच पुढे गेले.

फेटा आधी कोणाला, हा प्रश्न शिवरामनं रात्रीच सोडवला होता. दोन म्हाताऱ्यांना दोन फेटे घेऊन उभं केलं आणि तोंडानं "एक, दोन, तीन" म्हटलं. दोघांचे फेटे बरोबर सुरू झाले. डीटरच्या डोक्यावरचा आधी संपला, तर बांधणाऱ्यानं तो सोडून पुन्हा बांधायला घेतला. मोठमोठ्या परिषदांत इतका काटेकोरपणा असेल असं वाटत नाही.

चहाला दोघं शाळेच्या ओसरीवर बसले. मध्ये मी. दोघांची मातृभाषा एक, पण एकमेकांकडे बघणंसुद्धा नाही. हेल्गाबाई मला इंग्रजीत म्हणाल्या, चहा छान आहे. डीटर मला इंग्रजीत म्हणाला, चहा छान आहे. मी दोघांना म्हटलं, कौसल्येला सांगते. गाव समोर बसून हा चहा बघत होतं.

मग कोरड्या बोअरकडे गेलो. ही जागा कशी ठरली ते ऐका. गावाच्या वरच्या अंगाला दोन सख्ख्या भावांची शेतं आहेत, थोरले दगडूबाबा आणि धाकटे गेणूबाबा. मधल्या बांधावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या मातीच्या उंच कडेवरून, त्यांचं अकरा वर्षांपूर्वी भांडण झालं आणि तेव्हापासून अबोला. बोअर एकाच्या रानात घेतली तर दुसरा रुसेल, आणि त्यांच्यामागे अर्धं-अर्धं गाव. म्हणून पंचांनी बांधाच्या खालच्या टोकाला, ना याच्या ना त्याच्या, अगदी मधोमध जागा दाखवली.

हेल्गाबाईंनी बोअरमधून निघालेला भुगा बोटांत चोळला. मग आटलेल्या विहिरीत वाकून बघितलं, बांधाच्या कडेनं चालत गेल्या, आणि एका ठिकाणी जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडावर बुटाची टाच आपटली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "या काळ्या दगडाची एक उभी भिंत जमिनीखालून आडवी गेली आहे. पाणी येतं ते डोंगराकडून. भिंतीला अडतं. यांनी भिंतीच्या खालच्या बाजूला भोक पाडलंय. वरच्या बाजूला पाहिजे."

"मग त्यांना सांगा ना. ते तिथे उभे आहेत."

त्यांनी मान हलवली. "परत गेल्यावर मला एक फॉर्म भरावा लागतो. पलीकडच्या कोणाशी भेट झाली, नाव काय, काय बोललात. आणि भरला की पुढची दोन वर्षं मला प्रश्न."

मी म्हटलं, मी आहे की. वही काढली आणि डीटरकडे गेले. इथे माझी फजिती झाली. त्यानं विचारलं, भिंत किती रुंद? कोणत्या अंगाला कललेली? मी हेल्गाबाईंकडे गेले, उत्तर आणलं. त्यानं पुढचा प्रश्न विचारला, मी पुन्हा गेले. चार फेऱ्या झाल्या. माझं इंग्रजी नाटकं आणि निबंधांचं. खडकाचा कल आणि खडकाची खोली यांची मी अदलाबदल केली. खिशातल्या कोशात दोन्ही शब्द नव्हते. डीटरनं माझ्या वहीतली आकृती बघितली आणि फार सभ्यपणे म्हणाला, "बाई, या चित्राप्रमाणे पाणी वर चढतंय. मला माफ करा. आणखी दोन गावं वाट बघताहेत."

"तुम्ही स्वतः त्यांना का विचारत नाही?"

त्यानं आधी आजूबाजूला बघून घेतलं. मग फेटा नीट करत म्हणाला, "मी पूर्वेचाच. एकोणिसाव्या वर्षी पळून पश्चिमेला आलो. माझी आई अजून तिकडे आहे. माझं नाव कुठल्याही फॉर्मात आलं, की तिच्या दारावर कोणी तरी थाप मारतं."

म्हणजे एकाला पाणी कुठे आहे ते ठाऊक, दुसऱ्याकडे यंत्र, दोघांची भाषा एक, आणि त्यांच्यामध्ये मी, खडकाचा कल न समजणारी. शिवराम माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्यामागे बाया रिकामे हंडे पालथे घालून त्यांवर बसल्या होत्या. इतकी लाज मला परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा कधी वाटली नव्हती.

बांध

दुपारी शिवराम मला म्हणाला, "चला, निदान भावांना तरी इचारून बघू. वरच्या अंगाला बोअर घ्यायची म्हंजी दगडूबाबाचं रान. तिथवर गाडी न्यायची म्हंजी गेणूबाबाच्या रानातनं, आन मधला बांध फोडून. त्यो बांध तर भांडनाचं मूळ हाय." दोन्ही पाहुणेही चालत आले, एकमेकांपासून वीस पावलांवर.

दोघे भाऊ बांधावरच भेटले, कारण अमावास्या होती. वाटणी झाली तेव्हा घरातल्या बैलजोडीतला एकेक बैल दोघांना आला. पुढे गेणूबाबांचा बैल दगावला. मग पंचांनी ठरवलं की उरलेला हरण्या दोघांचा, पंधरा दिवस याच्या गोठ्यात, पंधरा दिवस त्याच्या. पौर्णिमेला आणि अमावास्येला बांधावरच्या बाभळीखाली तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. पांढरा, म्हातारा, शिंगांना पितळी टोपणं घातलेला बैल.

दगडूबाबांनी हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बैलाच्या कानात, पण सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हरन्या, तिकडं गेलास की सांग, रातीचं पेंड भिजवून द्या म्हनावं. मागल्या बारीला वाळलीच घातली हुती."

पलीकडून गेणूबाबा बैलाच्या दुसऱ्या कानाशी वाकले. "हरन्या, पेंड भिजवायला पानी कुनाच्या बापाचं हाय ते इचार तुझ्या मालकाला."

"बाप एकच हुता म्हनावं, हरन्या!"

"व्हय, पन अक्कल वाटून घेताना एक जन घरी नव्हता म्हनावं!"

हरण्या रवंथ करत होता. गाव गालातल्या गालात हसत होतं. त्यांना हे पंधरवड्याला मिळतं. हेल्गाबाईंनी विचारलं, हे काय चाललंय? मी इंग्रजीत समजावलं: सख्खे भाऊ आहेत, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. जे सांगायचं ते बैलाला सांगतात. शपथ मोडत नाही आणि निरोप पोचतो.

त्या हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं आणि फेट्याच्या सोग्यानं ते पुसलं. मग हसू थांबलं. हरण्याकडे बघत त्या मला म्हणाल्या, "आमच्या फॉर्मात बैलासाठी रकाना नाही."

त्या पुढे झाल्या. हरण्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच्याशी जर्मनमध्ये बोलायला लागल्या.

डीटर वीस पावलांवर होता. त्याची मान आधी वळली, मग तो वळला. हेल्गाबाई बोलत होत्या, बोटानं डोंगर दाखवत होत्या, काळा दगड दाखवत होत्या. बैल ऐकत होता. डीटर एक एक पाऊल टाकत आला, हरण्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला आणि त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी कुरवाळत त्याला काही तरी विचारलं. हेल्गाबाईंनी बैलाला उत्तर दिलं.

दगडूबाबांना राहवलं नाही. "हरन्या, तू जर्मनी कवा शिकलास रं?"

"मालकापरीस लवकर शिकलो म्हनावं," गेणूबाबा म्हणाले.

हेल्गाबाईंनी काटकीनं जमिनीवर, अगदी बैलाच्या पुढ्यात, आकृती काढली. डीटरनं बुटाच्या टोकानं तीतली एक रेघ पुसली. त्यांनी ती पुन्हा काढली, जास्त ठळक. दोघांचा आवाज चढला. ते चक्क भांडत होते, खडकावरून, मजेत, जेवायला बसलेल्या भावंडांसारखे. मला एक अक्षर कळत नव्हतं. माझी दुभाष्याची नोकरी गेली होती, आणि नोकरी गेल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नाही.

शेवटी डीटर शिवरामकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "बाभळीच्या वर तीस पावलं. यंत्र उद्या सकाळी तिथे पाहिजे. येईल?"

मी सांगितलं. सगळ्यांच्या माना दोन भावांकडे वळल्या. आता भाषा त्यांची होती आणि अडचणही.

दगडूबाबांनी बराच वेळ कासरा हातात गुंडाळला. "हरन्या," ते म्हणाले, आणि यावेळी आवाज साधा होता, "माझ्या रानात पानी लागलं तर त्ये गावाचं. तिकडच्या घरचंबी. तिथल्या लेकराबाळांनी पयला हंडा भरला तरी माझं काय म्हननं न्हाई. सांग त्याला."

गेणूबाबा बांधाकडे बघत होते. अकरा वर्षांपूर्वी हाच बांध इकडे सरकला की तिकडे, यावरून डोकी फुटली होती. शिवराम माझ्या कानात म्हणाला, "हितंच अडनार."

"हरन्या," गेणूबाबा म्हणाले, "गाडी माझ्या रानातनं जाऊ दे. बांध फोडा म्हनावं. पन परत घालायचा त्यो दोघांनी मिळून. मी एकट्यानं घातला तर हा म्हननार सरकवला. त्यानं घातला तर मी म्हननार."

"सांग त्याला," दगडूबाबा म्हणाले, "मी फावडं घेऊन येतो."

कौसल्येनं पालथा हंडा सुलटा केला आणि वाजवला. मग सगळ्याच बायांनी वाजवले.

दुसऱ्या दिवशी

हेल्गाबाईंना त्याच संध्याकाळी कोपरगावकडे जायचं होतं. जीपमध्ये बसण्याआधी त्या पुन्हा हरण्याकडे गेल्या आणि दोन-चार वाक्यं बोलल्या. डीटर बैलाच्या पलीकडे उभा होता. तो नुसता बैलाच्या पाठीवर थोपटत राहिला. जीप दिसेनाशी झाली तरी थोपटत होता.

सकाळी बांध फोडला. पहिलं फावडं कोणी घालायचं यावर घोटाळा नको म्हणून शिवरामनं तेही "एक, दोन, तीन" म्हणून दोघांकडून बरोबर घालून घेतलं. यंत्र वर चढलं आणि घरघर सुरू झाली. आधी तांबडी धूळ, मग करडी, मग काळी. दुपारपर्यंत नुसती धूळच. डीटर खाली बसून मूठमूठ भुगा बघत होता. बायांनी हंडे पुन्हा पालथे घातले. दगडूबाबा आणि गेणूबाबा बांधाच्या दोन टोकांना उकिडवे बसले होते, तोंडं यंत्राकडे.

मग धूळ ओली आली. सगळे उठून उभे राहिले. मग चिखल आला, आणि पाठोपाठ पांढऱ्या फवाऱ्यानं पाणी उसळलं आणि डीटर, त्याचा फेटा, शिवराम आणि माझं दुसरं लुगडं, सगळं नखशिखांत भिजवून गेलं. कौसल्या म्हणाली, "आता धुवा बाई पाय!"

पहिला तांब्या हरण्याला पाजला. त्याबद्दल दुमत नव्हतं.

परतताना डीटरनं मला सुप्यापर्यंत जीपमधून आणलं. मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. "खडकाच्या भांडणात मी बैलाला आईचं घर कुठे आहे ते सांगून टाकलं होतं. जाताना त्या बैलाला म्हणाल्या की दर महिन्याला एका गावात त्यांना आगगाडी बदलावी लागते. माझ्या आईचं गाव. स्टेशनाच्या समोरच घर आहे. त्या कोणाला भेटणार नाहीत, काही विचारणार नाहीत. खिडकीत कुंड्या आहेत का तेवढं फलाटावरून बघतील." मग गीअर बदलून म्हणाला, "आणि बैलाची खुशाली विचारायला सरपंचांना पत्र लिहायला तर काही हरकत नसावी, असं म्हणाल्या."

पुणे, चैत्र

अंजली, आता तुझं भाषण. पाच मुद्दे देत नाही. तुझ्या बाईंना सांग की दोन घरांच्या भांडणात आपण कोणाच्या घरचे नाही, एवढंच आपलं धोरण होतं, आणि त्यासाठी कवठदऱ्यानं पहिली बोअर अगदी मधोमध घेतली होती. ती कोरडी गेली. पाणी मिळालं ते गावानं दोघांनाही चहाला बोलवलं म्हणून, एकाचं ज्ञान घेतलं, दुसऱ्याचं यंत्र घेतलं आणि पंप सगळ्यांसाठी ठेवला म्हणून. हवालदारांचं पोट आणि पाठ मला तेव्हा समजलं. रशियाशी तह केला तो पाठीसाठी. तुमची मिलो खातो ती पोटासाठी. दोन्हींबद्दल आभार मानायचे, आणि कोणी "मग तू माझाच ना?" असं विचारलं तर म्हणायचं, शेजारी आहे, घरजावई नाही. हे शेवटचं इंग्रजीत कसं सांगायचं ते तुझ्या आईला विचार. माझा कोश भिजला.

शिवरामचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. पंप चालू आहे. बांध दोघांनी मिळून घातला, दोरी धरून, आणि एक शब्द न बोलता. अबोला कायम आहे. मात्र हरण्या फार थकला, आणि दोघांनाही एकच घोर लागलाय की हा गेल्यावर बोलायचं कोणाशी. म्हणून परवाच्या पौर्णिमेला दोघांनी त्यालाच सांगून ठरवलं की एक गोऱ्हा मिळून आणायचा आणि त्याला आत्तापासून बांधावर बांधायचा, सवय व्हायला.

पाकिटात आणखी एक पोस्टकार्ड होतं, पूर्व जर्मनीचा शिक्का असलेलं, सरपंचांच्या नावाचं. शिवरामनं लिहिलं होतं, "बाई, वाचून काय ते कळवा." इंग्रजीत तीनच ओळी होत्या: "बैलाची प्रकृती कशी आहे? इकडे थंडी संपली. खिडकीत लाल फुलांच्या तीन कुंड्या आहेत, आणि एक बाई त्यांना पाणी घालत होती."

मी कार्ड नवीन पाकिटात घातलं आणि डीटरच्या पत्त्यावर नगरला पाठवलं. बरोबर चिठ्ठी जोडली: हरण्याचा निरोप आहे.